पडीक जमिनीची निगा

न नांगरलेल्या भुईला अमरकोशानें 'खिल' आणि 'अप्रहत' अशीं दोन नांवें दिलीं आहेत, आणि सर्व धान्यांनीं समृद्ध अशा भुईला 'उर्वरा' म्हटलें आहे. उर्वरेची पुनः खिल झाली म्हणजे तिला काय म्हणावें, याची मात्र कोशकारानें तजवीज केलेली दिसत नाहीं. एकदां नांगराखालीं आणलेली जमीन रानाच्या हवालीं करण्याची बुद्धि त्या काळच्या गृहस्थास बहुधा होत नसावी.

आज ती स्थिति आपल्यापैकीं पुष्कळ घरांत आली आहे. बिऱ्हाड पुण्यास किंवा मुंबईस, एखादा मुलगा परदेशीं, आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा रायगड जिल्ह्यांतील मूळ गांवीं सातबाराच्या उताऱ्यावर चार-सहा एकर अशी जमीन, कीं जिच्यांत वीस-पंचवीस वर्षांत नांगर गेलेला नाहीं. ती विकावयाची नाहीं, कारण ती वाडवडिलांची. आणि कसावयाची म्हटली, तर कसणार कोण? अशा जमिनीची निगा थोडक्या खर्चांत कशी राखावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ह्या जमिनी पड कां राहिल्या, हें दोन शब्दांत सांगणें अवश्य आहे. १९४८ च्या कुळकायद्यानें व त्यांतील दुरुस्तीनंतर आलेल्या १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनानें कुळांकडे असलेलीं भाताचीं शेतें बव्हंशीं कुळांच्या मालकीचीं झालीं. ज्यानें घाम गाळला त्याची ती झाली. त्याबद्दल आज कुरकुर करण्यांत आम्हांस कांहीं अर्थ दिसत नाहीं. घराकडे राहिली ती वाड्याभोंवतीची बाग, कांहीं कातळ, आणि वरकस. ह्या वरकशींत पूर्वीं आळीपाळीनें नाचणी व वरी होत असे आणि मधल्या वर्षांत गवत राखीत. त्या गवतास गिऱ्हाईक घरांतच होतें. केंबळी छपरास तें लागे, बैलांना व म्हशींना लागे, आंब्याच्या अढीला लागे. राबासाठीं कवळही तेथूनच निघे. पुढें छपरावर कौलें व पत्रे आले, बैलांच्या जागीं पॉवर टिलर आला, नाचणी दुकानांतून पुडींत मिळूं लागली. गवत पूर्वींचेंच आहे. त्याला विचारणारा मात्र उरला नाहीं.

दुर्लक्षित जमीन आहे तशी राहते, अशी शहरांतील मंडळींची समजूत असते. ती खरी नव्हे. पहिलीं दोन-तीन वर्षें नुसतें गवत माजतें. मग त्यांत रानमोडी शिरते, कडेनें घाणेरी सरकूं लागते, आणि करवंदाच्या जाळ्या वाट अडवितात. पायवाट मोडली कीं माणूस फिरकेनासा होतो. माणूस फिरकेनासा झाला कीं गडग्याचे चिरे ढांसळतात व हद्दीच्या खुणा झांकून जातात. दाट झुडपांत रानडुकरें आसरा करितात, आणि त्यांचा उपद्रव आपणांस न होतां खालच्या अंगास ज्याचें भात उभें आहे त्या गरीब शेजाऱ्यास होतो. सर्वांत भयंकर तो वणवा. माघापासून वैशाखापर्यंत हें सारें रान वाळून कोळ होतें. बिडीचें थोटूक, भाजावळींतील विस्तव किंवा विजेच्या तारेची एखादी ठिणगी त्यास पुरेशी होते. नेमके त्याच महिन्यांत आंबा-काजू मोहोरावर व फळावर असतात. आपल्या गवतांतून गेलेल्या आगीनें शेजाऱ्याचीं दहा वर्षें जोपासलेलीं कलमें एका दुपारीं होरपळतात, आणि मालक मुंबईस असल्यामुळें त्याला त्याची वार्ताही चार दिवसांनीं कळते. पडीक जमिनीचा प्रश्न हा केवळ आपल्या घरचा प्रश्न नाहीं, असें आम्ही म्हणतों तें याचसाठीं.

आतां खर्चाचा विचार. बहुतेक लोक चुकतात तें येथें, कीं ते 'सारी जमीन साफ करावयास काय पडेल' असें विचारतात, आंकडा ऐकून घाबरतात, आणि मग कांहींच करीत नाहींत. सारी जमीन कापण्याचें कारणच नाहीं. हद्द, वाट, विहिरीचा परिसर आणि राखावयाच्या झाडांचीं बुंधें एवढें मोकळें राहिलें, कीं निम्म्याहून अधिक हेतु साधला. हिशेबच करून पाहूं. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. ती जमीन चौकोनी धरली तर एक बाजू सुमारें २०९ फुटांची. तिच्या चारी हद्दींस आंतल्या बाजूनें दहा फुटांचा पट्टा कापला, तर तो भरतो सुमारें ८,००० चौरस फूट, म्हणजे एकरापैकीं पांचव्या हिश्शाहूनही कमी. पांच एकरांच्या एकाच चौकोनी तुकड्यास तोच पट्टा सुमारें सव्वाअठरा हजार चौरस फुटांचा होतो, म्हणजे जमिनीचा बारावा हिस्सा. तुकडा जितका मोठा, तितका हा खर्च एकरामागें हलका पडतो. (भावाभावांनीं वांटण्या करून लांबट पट्ट्या पाडल्या म्हणजे मात्र हा लाभ जातो. प्रत्येकाची हद्द निराळी कापावी लागते.)

ह्या पट्ट्यास जाळरेषा म्हणतात. ती कार्तिकांत, गवत अर्धें हिरवें असतां कापावी, आणि कापलेलें गवत तेथून ओढून आंत एका बाजूस उडवी रचून ठेवावी किंवा झाडांच्या बुंध्यांशीं आच्छादन म्हणून घालावें. कापलेलें गवत पट्ट्यावरच वाळूं दिलें तर ती जाळरेषा न राहतां वणव्याची वात होते. पौषाच्या अखेरीस एकदां खराट्यानें किंवा दंताळ्यानें पालापाचोळा ओढून घेतला, कीं उन्हाळ्याची धास्ती पुष्कळ कमी होते.

किती वेळां कापावें यापेक्षां केव्हां कापावें, हें अधिक महत्त्वाचें आहे. गवत फुलोऱ्यावर येतें तेव्हां, म्हणजे भाद्रपदाच्या अखेरीपासून आश्विनांत, कापलें तर त्याची वैरण चांगली होते आणि बीं न पडल्यामुळें पुढील वर्षींचें तणही घटतें. तेंच मार्गशीर्षापर्यंत राखलें, कीं कुसळी गवताचीं कुसळें तयार होतात, तीं गुरांच्या तोंडास बोंचतात, आणि अशा गवतास फुकटही कोणी नेत नाहीं. बहुतेक चाकरमानी मंडळी दिवाळीच्या सुटींत गांवीं जातात आणि त्या वेळीं कापणीची गोष्ट काढतात. गणपतींत गेलेले असतां ती ठरविली, तर त्याच पैशांत दुप्पट काम होतें. आपल्या पूर्वजांस ही वेळेची जाण होती. दर्भ श्रावणी अमावास्येस काढावे, असा प्रघात आहे, आणि 'कुशल' हा शब्दच मुळीं कुश काढून आणणाऱ्यावरून आला. मम्मटानें रूढिलक्षणेचें उदाहरण म्हणून तोच शब्द घेतला आहे. धारेचें पातें हातीं लागूं न देतां गवत काढणें हें एक कौशल्य आहे, हें ज्यांनीं कधीं विळा हातीं धरला त्यांस सांगावयास नको.

आतां हें काम करावें कोणीं? सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे उभें गवत विकणें किंवा अर्ध्या वांट्यानें देणें. ज्या गांवांत अद्याप चार गोठे भरलेले आहेत, तेथें म्हशी बाळगणारा गृहस्थ चांगलें गवत आनंदानें कापून नेतो. त्यापासून पैसा थोडा मिळेल, किंबहुना मिळणारही नाहीं. पण कापणीचा खर्च वांचतो, हाच नफा. येथें एक सावधगिरी सांगतों. गवत द्यावें, जमीन देऊं नये. कागदावर स्पष्ट लिहावें कीं अमुक गटांतील ह्या एका मोसमाचें उभें गवत अमुक तारखेपर्यंत कापून नेण्याकरितां दिलें आहे, जमिनीचा कबजा मालकाकडेच आहे. हा कागद तालुक्याच्या एखाद्या जाणत्या वकिलाकडून एकदां करून घ्यावा व दर वर्षीं तारीख बदलून नवा लिहावा. तोंडी व्यवहारानें पुढें उभयतांची मनें बिघडतात.

ज्यांची जमीन देशावर आहे त्यांस मेंढरांचा उपाय सुचवितों. शेतांत मेंढ्या बसविण्याची चाल फार जुनी आहे. धनगरांचा वाडा चार रात्रीं बसला कीं तण खाल्लें जातें आणि लेंडीखत आयतें पडतें. दिवाळीनंतर देशावरचे धनगर घाट उतरून कोंकणांतही येतात, आणि भातशेतीचे मालक त्यांना धान्य देऊन मेंढ्या बसवून घेत आले आहेत. शेळ्यांविषयीं मात्र विचार करावा. झुडपें खाण्यांत शेळीचा हात कोणी धरणार नाहीं. परंतु तण कोणतें आणि नवें आंब्याचें कलम कोणतें, हा भेद तिला समजत नाहीं.

जेथें गुरें नाहींत आणि मजूरही मिळत नाहीं, तेथें यंत्राचा आश्रय करणें प्राप्त आहे. खांद्याला अडकवून चालवावयाचें ब्रश कटर आतां कोंकणांत गांवोगांव झालें आहे. तें विकत घेण्याची घाई करूं नये. वर्षांतून आठ दिवस लागणारें यंत्र उरलेलें वर्ष पडवींत गंजतें, आणि उंदीर त्याची पेट्रोलची नळी कुरतडतात. गांवांत यंत्र असलेला एखादा तरुण असतोच. त्यास दिवसाच्या बोलीवर सांगावें. तासाला पाऊण ते एक लिटर पेट्रोल जळतें असें धरून चालावें. मऊ गवतास नायलॉनची दोरी, जाड खोडास पोलादी पातें लावावें. दोरीनें रानमोडी कापूं गेल्यास दोरीच तुटत राहते. जांभ्याच्या खड्यांत यंत्र फिरवितांना खडे गोळीसारखे उडतात, म्हणून चालविणाऱ्याच्या डोळ्यांस चष्मा असावा व दुसऱ्या कोणीं पंधरा मीटरांच्या आंत उभें राहूं नये. चार-पांच घरांनीं मिळून एक यंत्र घेतलें तर गोष्ट निराळी. पण मग तें कोणाच्या ताब्यांत राहील व दुरुस्ती कोण करील, हें आधीं ठरवावें. आमच्या परिचयाच्या एका वाडींत असें सामाईक यंत्र घेतलें गेलें. तें तीन घरें फिरून चौथ्या घरीं बंद पडलें, आणि दुरुस्तीच्या आठशे रुपयांवरून दोन चुलतभावांचें बोलणें बंद झालें तें अद्याप बंदच आहे.

तणांपैकीं सर्वच कापून जात नाहींत. रानमोडी नुसती कापली किंवा जाळली तर बुंध्यापासून दुप्पट फुटते. तिच्यावरून वणवा गेला म्हणजे इतर झाडें मरतात व ती तेवढी राहते. तिला आषाढ-श्रावणांत, माती भिजलेली असतां, मुळासकट उपटावी. निदान मार्गशीर्षांत फुलें येण्यापूर्वीं कापावी, कारण तिचें बीं वाऱ्यानें दूरवर जातें. घाणेरीचें मूळ जमिनीखालीं दोन बोटें कुदळीनें तोडून झुडूप उलटें टाकावें, म्हणजे तें पुनः रुजत नाहीं. तिचा पाला गुरांस विषारी असतो, म्हणून तो वैरणींत मिसळूं देऊं नये. देशावरचें गाजरगवत हें पुण्यास १९५५-५६ च्या सुमारास प्रथम दृष्टीस पडलें, व आज तें कोठें नाहीं असा जिल्हा दाखविणें कठीण. तें फुलावर येण्यापूर्वीं हातांत मोजे घालून उपटावें. त्याच्या परागांनीं कित्येकांस त्वचेचा व श्वासाचा विकार जडतो.

तणनाशकाची फवारणी हा उपाय सोपा वाटतो, पण आम्ही तो सुचवीत नाहीं. ग्लायफोसेट ह्या प्रसिद्ध तणनाशकाच्या वापरावर केंद्र सरकारनें ऑक्टोबर २०२२ मध्यें निर्बंध घातले, तें उगीच नव्हे. उतारावरच्या जमिनीवर मारलेलें औषध खालच्या माणसाच्या विहिरीच्या दिशेनें वाहतें, एवढें लक्षांत ठेविलें तरी पुरे.

आतां अशा एका गोष्टीविषयीं लिहितों, कीं जिच्यांत पुष्कळ घरें फसलीं आहेत. गांवाकडून निरोप येतो कीं 'अमका ठेकेदार तुमची जमीन फुकट साफ करून देतो. वर हातावर पांच-दहा हजारही ठेवील.' खर्चाच्या विवंचनेंत असलेल्या गृहस्थास ही देवाची कृपाच वाटते. तो फोनवरून होकार देतो. पुढच्या खेपेस जाऊन पाहतो तों गवत आहे तसेंच आहे; गेलीं आहेत तीं झाडें. ऐन, किंजळ, जांभूळ, खैर, आजोबांच्या वेळचा फणस, सारें करवतीखालीं जाऊन ट्रकनें रवाना झालेलें असतें. झाडांची सावली गेल्यामुळें पुढच्या पावसांत रानमोडी पूर्वींच्या तिप्पट माजते आणि उतारावरची माती पऱ्ह्यांत जाते. शिवाय महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ याच्या अनुसूचींतील झाडें, आणि त्यांत ऐन, किंजळ, खैर, आंबा, फणस, साग, हिरडा हीं सर्व येतात, स्वतःच्या मालकीच्या जमिनींतही परवानगीवांचून तोडतां येत नाहींत. ठेकेदार निघून जातो. उत्तर देण्याचा प्रसंग सातबारावर ज्यांचीं नांवें आहेत त्यांच्यावर येतो. फुकट साफसफाई करणारा मनुष्य गवतासाठीं येत नाहीं, हें पक्कें समजावें. मोठीं झाडें राखणें हाच मुळीं गवत कमी ठेवण्याचा स्वस्त मार्ग आहे. दाट सावलीखालीं गवत आपोआप विरळ होतें, आणि त्यास एक पैसाही पडत नाहीं.

लागवडीचें म्हणाल तर १९९० पासून रोजगार हमीशीं जोडलेल्या फळबाग योजनेनें कोंकणांतील कितीतरी वरकस जमिनीवर आंबा-काजू उभे राहिले, आणि २०१८ मध्यें भाऊसाहेब फुंडकर यांच्या नांवानें नवी योजना निघाली. दापोलीच्या कृषि विद्यापीठाचीं वेंगुर्ला-४ व वेंगुर्ला-७ हीं काजूचीं कलमें सर्वत्र माहीत आहेत. सात मीटर अंतरानें एकरीं सुमारें ऐंशीं कलमें बसतात. परंतु पहिलीं तीन वर्षें बुंध्याभोंवतीचें तण काढावयास आणि उन्हाळ्यांत पाणी घालावयास गांवीं माणूस नसेल, तर कलमें लावूं नयेत. लावून वाळविण्यापेक्षां न लावलेलीं बरीं. हद्दीवर माणगा बांबू लावण्याचा प्रयोग सिंधुदुर्गांत पुष्कळांनीं केला आहे. त्याला कांटे नसतात, तो भरीव असतो, आणि एकदां रुजल्यावर त्याची उस्तवार थोडी. बांबूला 'वृक्ष' ह्या व्याख्येंतून २०१७ मध्यें वगळल्यापासून खासगी जमिनींतील बांबू तोडण्याची अडचणही कमी झाली आहे.

उघडा कातळ ज्यांच्या वांट्यास आला आहे त्यांनीं तर कांहींच करूं नये. पावसाळ्यांत तेथें जीं इवलीं फुलें उमलतात तीं दुसरीकडे होत नाहींत. रत्नागिरी व सिंधुदुर्गांतील सड्यांवर प्राचीन कातळशिल्पें सांपडलीं असून, कोंकणांतील अशा शिल्पांचें नांव २०२२ मध्यें जागतिक वारशाच्या संभाव्य यादींत गेलें आहे. आपल्या कातळावर कोरलेली एखादी रेघ दिसल्यास तेथें चिऱ्याची खाण किंवा मातीचा ढीग येऊं न देणें, एवढीच तिची निगा.

खरी अडचण आम्हांस गवताची वाटत नाहीं, घरांतल्या माणसांची वाटते. एकेका सातबारावर सतरा-अठरा नांवें असतात. १९९४ च्या राज्याच्या व २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनें मुलींचा हक्क जन्मतः मानला गेला, हें योग्यच झालें; पण नांवें वाढलीं तशी जबाबदारी मात्र कोणाचीच राहिली नाहीं. जो भाऊ दर वर्षीं खिशांतून खर्च करितो त्याच्यावर 'जमीन हा बळकावणार' असा संशय येतो, आणि जो करीत नाहीं तो वांटणीच्या वेळीं प्रथम बोलतो. यावर उपाय एकच दिसतो. गणपतींत सर्व जमले असतां वर्षाचा अंदाज मांडावा, हिश्शाप्रमाणें रक्कम गोळा करावी, आणि ती एकाच्या, मग तो भाऊ असो वा बहीण असो, स्वाधीन करून वर्षाचा जमाखर्च सर्वांस दाखवावा. त्याच वेळीं शेजाऱ्यास बरोबर घेऊन हद्दीवरून एक फेरी मारावी. १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकाची नोंद ई-पीक पाहणींत मालकानें स्वतः करावयाची रीत सुरू झाली. पडीक क्षेत्रही चालू पड किंवा कायम पड म्हणून तेथें नोंदवितां येतें, आणि त्यासाठीं शेतांत उभें राहून छायाचित्र काढावें लागतें. निदान त्या निमित्तानें तरी कोणाचे पाय जमिनीस लागतात.

गांवीं जो 'लक्ष ठेवतो' त्याच्याविषयीं दोन शब्द. आपल्या घरांत अशी एक सोयीची समजूत आहे कीं जुना गडी किंवा शेजारचा दादा हें प्रेमानें करितो, त्यास पैसे दिले तर वाईट वाटेल. दिवाळीस एक लुगडें आणि चहाची पुडी यांवर वर्षभराची राखण होत नसते. त्यास ठराविक मोबदला द्यावा, गवत त्याचें असें सांगावें, आणि काजूच्या बियांत त्याचा हिस्सा आधींच ठरवावा. मग वणव्याच्या दिवशीं तो स्वतःच्या मालासाठीं धांवतो.

आणि कापणीस माणूस घालावयाचा तर त्याच्या जिवाची काळजी मालकानें घ्यावयाची आहे. कोंकणांतील जांभ्याच्या जमिनींत फुरशीं फार. एकोणिसाव्या शतकांत रत्नागिरी जिल्ह्यांत तीं मारण्यास सरकारी बक्षीस लावावें लागलें होतें. दगडांच्या ढिगांत लाल विंचू असतो. त्याच्या दंशावर महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनीं प्राझोसीन ह्या औषधाचा उपयोग करून कित्येकांचे प्राण वांचविले, हें सर्वश्रुत आहे. तेव्हां गवतांत उतरणाऱ्यास गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट व हातमोजे मालकानें आणून द्यावे. त्यांची किंमत एका दिवसाच्या मजुरीहून फारशी अधिक नसते. कापणाऱ्यानें आधीं काठीनें गवत झोडावें. साप चावल्यास चीर पाडणें, दोरी आवळणें, मंत्र घालणें यांत वेळ दवडूं नये. चावलेला अवयव हलूं न देतां माणसास तडक सरकारी आरोग्यकेंद्रांत न्यावें. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें ह्या चारींच्या विषावर चालणारी एकच प्रतिविषाची लस आहे. ती जवळच्या केंद्रांत आहे कीं नाहीं, आणि दुपारच्या वेळीं तेथवर नेणारें वाहन वाडींत कोणाकडे आहे, हें विळ्यास धार लावण्यापूर्वींच विचारून ठेवावें.